लशीमागचे झाड

महोदय,

मलेरियावरची आर२१ लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. मात्र तिच्यातला प्रतिकारशक्ती चेतवणारा ‘मॅट्रिक्स-एम’ हा घटक चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सॅपोनिन या साबणासारख्या फेसाळ द्रव्यापासून तयार होतो, हे फारसे सांगितले जात नाही. नागिणीवरच्या शिंग्रिक्स लशीतही याच झाडाचे क्यूएस-२१ हे सॅपोनिन आहे. सॅपोनिन पेशीपटलातल्या कोलेस्टेरॉलला चिकटून पटलाला भोके पाडते. म्हणूनच प्रयोगशाळेत पेशीच्या आत अँटिबॉडी पोहोचवायला ते वापरतात. पण रक्तात मिसळले तर तांबड्या पेशीही फोडते. त्यामुळे ‘मॅट्रिक्स-एम’मध्ये ते कोलेस्टेरॉल व फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म कणांत बांधून घेतात.

एवढी मोठी गरज एका झाडावर टाकणे मला धोक्याचे वाटते. २०२४ मध्ये संशोधकांनी यीस्टकडून क्यूएस-२१ बनवून घेतले, ही फार मोलाची गोष्ट आहे. सॅपोनिन आपल्या रिठ्यात आणि शिकेकाईतही आहे. रचना वेगळी असल्याने ते थेट लशीत चालेल असे नाही, पण आपल्या विद्यापीठांनी ते या दृष्टीने कसून तपासावे आणि राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र निधी द्यावा.

– एक विज्ञानशिक्षिका, सातारा