रोज एक ओळ, पण नेमकी

नाशिक, नोव्हेंबर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

हॅम्बुर्गला आता चार वाजून गेले की अंधारायला लागत असेल. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथं साडेआठनंतर उजाडतं आणि चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. दिवस जेमतेम साडेसात तासांचा. नाशिकला त्याच दिवशी अकरा तासांच्या आसपास उजेड असतो. एवढा फरक शरीराला जाणवल्याशिवाय राहत नाही. घरापासून लांब राहणाऱ्या मुलांचं मन याच दिवसांत खचतं आणि मग कोणीतरी सांगतं, जे मिळालंय त्याबद्दल कृतज्ञ राहा. सल्ला खोटा नाही, पण कृतज्ञ राहायचं म्हणजे रोज नक्की करायचं काय, हे सांगायचं राहून जातं. तेवढ्यासाठी हे पत्र.

एक खिशात मावणारी वही घे. मोबाइलमध्ये लिहू नकोस. नोंद करायला उघडलेला फोन दोन मिनिटांत ऑफिसच्या मेलवर नेऊन सोडतो. वेळ ठरव ती रात्रीची भांडी घासून झाल्यावरची. अंथरुणावर पडून लिहीन म्हणशील तर चौथ्या दिवशी वही उशाखाली आणि तू झोपलेला. भांडी रोज घासावीच लागतात, त्यामुळे त्यांच्या मागे जोडलेलं काम विसरत नाही.

रोज एकच ओळ लिही आणि रविवारी एकाच गोष्टीवर एक पान. रोज पानभर लिहायला जाऊ नकोस, याला कारण आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे, ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला लावल्या आणि दुसऱ्या गटाला त्या आठवड्यातल्या कटकटी. पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना तितका दिसला नाही. मनाला कशाचीही सवय होते, कृतज्ञतेची यादी करण्याचीसुद्धा. म्हणून पाहायचं रोज, आणि सविस्तर लिहायचं आठवड्यातून एकदा.

ओळीत दोन गोष्टी हव्यात: काय झालं आणि ते का होऊ शकलं. मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे तिचं कारणही. त्याचा परिणाम सहा महिन्यांनीही दिसत होता, विशेषतः ज्यांनी ठरलेला आठवडा संपल्यावरही लिहिणं चालू ठेवलं त्यांच्यात. बहुतेक जण हे कारण लिहिणंच गाळतात. "आजचा दिवस छान गेला" असं लिहिलंस तर ती ओळ वाया गेली. "सव्वाबाराला ढग हटले, खिडकीशी आठ मिनिटं पाठीवर ऊन होतं, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी खुर्चीवरची बॅग उचलली म्हणून तिथं बसता आलं." ही ओळ महिन्याने वाचलीस तरी पाठ गरम होईल. घर, नोकरी, तब्येत, आईबाबा असले मोठे शब्द वहीत आले की समज, आज पाहायचं राहून गेलंय.

आता बाहेरगावी राहणाऱ्यांच्या हातून नेमकं जे चुकतं ते. त्यांच्या यादीत मिसळ येते, गोदाकाठ येतो, पहिल्या पावसानंतर हिरवं झालेलं ब्रह्मगिरी येतं. ही आठवण आहे, आणि आठवण वाईट नाही, पण तिच्या खाली "हे आता माझ्याकडे नाही" अशी एक न लिहिलेली ओळ असते. अशी यादी रोज केलीस तर मन हलकं होण्याऐवजी घराची ओढच वाढेल. म्हणून नाशिकच्या आठवणींना वहीची मागची पानं दे. पुढच्या पानांवर फक्त तिथलं, आणि फक्त आजचं.

तिथलं आहे का काही? भरपूर आहे. लाँडुंग्सब्र्युकेनच्या धक्क्यावरून फिंकेनवेर्डरला जाणारी ६२ नंबरची बोट तुझ्या रोजच्या बस-रेल्वेच्या तिकिटातच बसते; वरच्या डेकवर उभं राहिलं की एल्ब नदीवरची मोठमोठी मालवाहू जहाजं जवळून दिसतात, आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. बेकरीतलं फ्रान्सब्र्योट्शन, म्हणजे दालचिनीचा गोड पाव, सकाळी लवकर गेलं तर कोमट मिळतं. नळाला तोंड लावून पाणी पिता येतं. रविवारी दुकानं बंद असतात. सुरुवातीला ती गैरसोय वाटते, पण संपूर्ण शहराला एकाच दिवशी सुट्टी, असा निवांतपणा आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्यालाही नसतो. उन्हाळ्यात रात्री पावणेदहानंतरही आकाशात उजेड असतो, तेव्हा जेवण उरकून फिरायला जा.

लिहिण्याआधी पाहावं लागतं, आणि पाहायची सवय चहावर लाव. एका कपाला अर्धा कप पाणी, अर्धा कप दूध, चमचाभर दाणेदार चहा पावडर, साखर तुझ्या मनाची. आलं नखाएवढं, किसून, आणि ते पाण्यातच टाकून दोन मिनिटं उकळू दे; कच्चं आलं थेट दुधात पडलं तर त्यातल्या पाचक द्रव्यामुळे दूध फाटतं. मग पावडर, मिनिटभराने दूध, आणि एक चांगली उकळी. दूध साडेतीन टक्के स्निग्धांशाचं, दुकानातल्या फ्रीजमधलं ताजं आण. टिकाऊ खोक्यातल्या दुधाला शिजल्याचा वास असतो आणि चहात तो लपत नाही. कप भरलास की पहिले तीन घोट उभ्याने घेऊ नकोस, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. पहिल्या घोटाला आल्याची धग कुठे लागते, जिभेच्या टोकाला की घशात? दुसऱ्याला गोडी जास्त लागते का? तिसऱ्यानंतर हवं ते कर. तीनच, कारण जीभ चवीला लवकर सरावते आणि पुढचे घोट आपण सवयीने घेतो. फोटो काढायचाच असला तर आधी चहा पी. फोटो काढताना तो कोणाला कसा दिसेल हे डोक्यात येतं आणि चव निसटते.

रविवारच्या पानासाठी एक पद्धत सांगते. एक वस्तू घे आणि ती तुझ्या हातात येईपर्यंत कोणकोणाचे हात लागले, ते मागे मागे जात लिही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या सुपरमार्केटमध्ये हिरव्या बिनबियांच्या द्राक्षांची अर्ध्या किलोची डबी मिळेल. लेबलवर मूळ देश बघ. भारत लिहिलेलं असेल तर ती बहुतेक आपल्याच जिल्ह्यातली, निफाड, दिंडोरी किंवा चांदवडकडची. तुझ्या हातातल्या त्या घडाच्या वेलीची छाटणी ऑक्टोबरमध्ये झाली. आत्ता, मी लिहितेय तेव्हा, बागा फुलोऱ्यात आहेत, आणि या पंधरवड्यात अवकाळी पाऊस पडला तर डावणी हा बुरशीचा रोग येतो, फुलगळ होते, घड कुजतात. म्हणून शेतकरी दर संध्याकाळी आकाश बघतो. त्यानंतर विरळणी. बायका मांडवाखाली मान वर करून, हातात छोटी कात्री घेऊन, एकेका घडातले दाटीचे मणी काढतात. निर्यातीच्या घडात शंभराच्या आसपासच मणी ठेवतात, तेव्हा कुठे प्रत्येक मणी सोळा-अठरा मिलिमीटरचा होतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की मणी तडकतात. अशा पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकचं पाणी सोडतात. मग फवारलेल्या औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी, तोडणी, पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंग म्हणजे द्राक्षं लगेच गार करणं, बुरशी येऊ नये म्हणून खोक्यात सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, शून्य अंशाच्या जवळचा कंटेनर, न्हावाशेवा बंदर आणि तीन आठवड्यांहून जास्त समुद्र. वाटेत कुठेही गारवा तुटला तर देठ तपकिरी पडतो. तुझ्या डबीतला देठ हिरवा असेल, तर या सगळ्या साखळीत कोणीही कामात हयगय केलेली नाही.

एवढं लिहिल्यावर एक मणी तोंडात टाक. मग "मी कृतज्ञ आहे" हे वाक्य लिहायची गरज उरत नाही. हेच तुला बेकरीतल्या पावाबद्दल, पहाटे बर्फ झाडून रस्त्यावर खडी टाकणाऱ्या माणसांबद्दल किंवा तुझ्या खोलीतल्या रेडिएटरबद्दल लिहिता येईल.

एखादा रविवार सुचत नसेल तर उलट बाजूने लिही: ही चांगली गोष्ट घडलीच नसती, ते कसकसं होऊ शकलं असतं? हा घरमालक भेटला नसता, त्या दिवशी तो मेल मी वाचला नसता. २००८ मधल्या एका अभ्यासात चांगली गोष्ट कशी घडली हे लिहिणाऱ्यांपेक्षा ती कशी घडली नसती हे लिहिणाऱ्यांचं मन जास्त उजळलेलं आढळलं. हे महिन्यातून एकदाच कर, नाहीतर उगाच भीती लागते.

वहीत माणूस आला की तो वहीतच ठेवू नकोस. त्याला सांग, आणि नुसतं डांके म्हणून थांबू नकोस. त्याने काय केलं, त्यामुळे तुझं काय सोपं झालं, हे एका वाक्यात सांग. "तुम्ही माझं पार्सल ठेवून घेतलंत, नाहीतर मला सुट्टी काढून डेपोत जावं लागलं असतं." आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान मूठभर साखर तरी घालतात, ती रीत तिथं चालू ठेव. पार्सल सांभाळणाऱ्या शेजाऱ्यांसाठी चिवडा पाठवतेय. देताना त्यात शेंगदाणे आणि काजू आहेत हे आधी सांग, तिथं पुष्कळांना त्यांची अ‍ॅलर्जी असते. पेढे पाठवता येणार नाहीत, युरोपीय संघात बाहेरून खासगी पार्सलने दुधाचे पदार्थ नेण्यावर बंदी आहे. तुझ्यासाठी मेतकूट आणि गोडा मसाला वेगळ्या पिशवीत आहे.

वाईट दिवसाबद्दल नीट ऐक. त्या दिवशी आधी वाईट काय झालं ते लिही, सरळ शब्दांत. बॉस बोलला, व्हिसाचा कागद अडकला, जेवायला सोबत कोणी नव्हतं. त्यावर चांगल्याचं पांघरूण घालू नकोस. मग शक्य असेल तर शरीराला बरं वाटलेली एकच गोष्ट: गरम पाण्याची अंघोळ, कोरडे मोजे. तेही सुचलं नाही तर तारीख टाकून पान सोड. आणि "दुसऱ्यांचे किती हाल आहेत, मला निदान एवढं तरी आहे" या वाटेने जाऊ नकोस. दुसऱ्याच्या दुःखावर उभं केलेलं समाधान टिकत नाही, शिवाय स्वतःचं दुःख बोलायचीही लाज वाटायला लागते.

वहीने सगळं भागतं असंही मानू नकोस. हिवाळ्यात दुपारच्या सुट्टीत वीस-तीस मिनिटं बाहेर चाल. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड ऑफिसच्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. सकाळी उठवत नसेल तर दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा मिळतो, तो उठल्यावर अर्धा तास, थोडा बाजूला ठेवून वापरतात. संध्याकाळी लावला तर झोप उडते. डोळ्यांचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार. आणि सलग दोन आठवडे झोप, भूक, कशातच रस नाही असं झालं तर वही मिटून तुझ्या हाउसआर्ट्स्टची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांची, वेळ घे. दवाखाना बंद असेल तर ११६११७ हा नंबर आहे. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं तर ११२, आणि त्याच मिनिटाला आम्हालाही. रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

रविवारी फोनवर "काय चाललंय?" "काही नाही" एवढ्यावर थांबायचं नाही. वहीतली आठवड्याची एक ओळ तू वाचून दाखव, एक मी इथली सांगेन. तुमचे दुपारचे दोन म्हणजे आमचे साडेसहा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं पुढे गेली की साडेपाच. त्या वेळी बाबा फिरायला गेलेले असतात, तेव्हा उन्हाळ्यात तू तीनला लाव.

तुझी,
आई