विषय : रिअल-टाइम सिम्युलेटर ऐन चाचणीच्या क्षणी वेळ चुकवतो, त्याबाबत सहाव्यांदा तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,

काल दुपारी तुमच्या सेवा विभागाशी सहाव्यांदा बोललो. सातव्यांदा फोन करण्याची इच्छा उरलेली नाही, म्हणून हे पत्र.

यंत्र काय करते हे तुम्हाला सांगायला नको. काय करत नाही तेवढे लिहितो. यंत्रमागाच्या शेडसाठी सोलर, बॅटरी आणि डिझेल जनरेटर एकत्र सांभाळणारा कंट्रोलर आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत बनवतो आणि शेडवर बसवण्याआधी तो तुमच्या सिम्युलेटरला जोडून, म्हणजे खऱ्या ग्रिडऐवजी त्याच्या खऱ्या वेळेत चालणाऱ्या नकलेवर, तपासतो. स्टेप, म्हणजे यंत्राला एकेका गणनेसाठी मिळणारा वेळ, ५० मायक्रोसेकंदांची; म्हणून ५० हर्ट्झच्या एका सायकलला ४०० स्टेप. मॉडेल तुमच्याच पुस्तिकेतील मर्यादेच्या निम्मेही नाही. तरीही मॉडेलमधला ग्रिडचा ब्रेकर उघडला की नेमक्या त्याच क्षणी ओव्हररन होतो, म्हणजे गणना स्टेपच्या वेळेत संपत नाही. ऑसिलोस्कोपवर व्होल्टेजची लाट माथ्याजवळ सपाट होते, सुमारे ४० स्टेप म्हणजे २ मिलिसेकंद तशीच अडकून राहते आणि मग पुढे सरकते. कंट्रोलरला ही ३६ अंशांची फेज उडी, म्हणजे लाट अचानक मागे सरकल्यासारखी, वाटते आणि तो ट्रिप होतो. खऱ्या ग्रिडवर न घडलेल्या या उडीपायी आम्ही ९ दिवस आमचाच बोर्ड उसवत बसलो होतो.

आता कालचा फोन. तुमच्या अभियंत्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, एवढी घाई कशाला? सिम्युलेशन हळू चालवा, उत्तर तेच येईल." समोरच्या टेबलावर खरा कंट्रोलर जोडलेला आहे, त्याचे घड्याळ तुमच्या यंत्रासाठी थांबत नाही, हे मी शांतपणे सांगितले. त्यावर त्यांनी मला १४ मिनिटे होल्डवर ठेवले. परत आल्यावर सुचवले, की स्टेप १०० मायक्रोसेकंद करा. तसे केले की यंत्र आणि कंट्रोलर यांच्यातील देवाणघेवाणीच्या लूपमधला उशीर वाढतो आणि करंट कंट्रोल डोलू लागतो, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात करून पाहिले होते आणि तुम्हाला लेखी कळवलेही होते. तेव्हा ते म्हणाले, "मग ओव्हररनचा इशारा सेटिंगमधून बंद करा, म्हणजे दिसणार नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "सोलापूरला ऊनही फार ना, सर?"

ऊन आहेच, महोदय. पण यंत्राची खोली वातानुकूलित असून तिथला पारा २४ अंशांवर असतो, आणि ऊन कितीही वाढले तरी ते बरोबर ब्रेकर उघडतानाच वाढत नाही. शिवाय घाई कशाला, हा प्रश्न रिअल-टाइम या शब्दाचे पैसे मोजून घेतलेल्या ग्राहकाला विचारायचा नसतो.

हे यंत्र घेताना स्वस्तातला पर्याय समोर असूनही केवळ तुमच्या नावावर विसंबून जादा रक्कम मोजली, याचे आज वाईट वाटते. चूक मॉडेलची असेल तर ती दाखवून द्या, प्रोसेसरची असेल तर तो बदलून द्या. चुकलेल्या स्टेपची नोंद आणि मॉडेलची फाईल सोबत पुन्हा जोडली आहे. यापूर्वी तीनदा पाठवली होती, ती कोणी उघडल्याचे दिसत नाही. १५ दिवसांत मॉडेल समजणारा माणूस इथे येऊन आमच्यासमोर ब्रेकर उघडून दाखवत नसेल, तर वार्षिक देखभाल कराराचा पुढील हप्ता मिळणार नाही आणि यापुढचे पत्र वकिलाकडून येईल.

आपला,
एक ग्राहक, सोलापूर