‘बेक्ड’ चिप्सच्या पाकिटातल्या मिठाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमच्या बेक्ड मसाला चिप्सच्या 60 ग्रॅमच्या पाकिटातलं मीठ

नमस्कार,

मी खानापूरची, बेळगाव जिल्हा. आमचे हे बेळगावच्या उद्यमबागला फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, कामाला आहेत, बीपीची गोळी चालू आहे आणि डॉक्टरांनी तळलेलं, खारट सगळं बंद सांगितलंय. घरात लोणचं-पापड बंद केलं, आमटीत मीठ कमी केलं, त्यावरून सासूबाईंची बोलणी पण खाऊन झाली. शिफ्टमध्ये चहाबरोबर काहीतरी लागतंच म्हणून तुमचं पाकीट आणायला लागले कारण पुढं एवढ्या मोठ्या अक्षरात ‘बेक्ड, तेल कमी’ लिहिलंय आणि हिरवं पान पण काढलंय.

मग एकदा मागची बाजू वाचली. आधी डोळ्याजवळ धरावं लागतंय, मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाचलं. 100 ग्रॅमला सोडियम 1120 मिलिग्रॅम. आणि शेजारी ‘एका सर्व्हिंगला’ म्हणजे 20 ग्रॅमला दिवसाच्या गरजेच्या 11 टक्के, वाटतं किती कमी! पण 60 ग्रॅमच्या पाकिटातलं 20 ग्रॅम खाऊन बाकीचं रबर लावून कोण ठेवतंय सांगा? फौंड्रीत तर अजिबात नाही. अख्ख्या पाकिटाचा हिशोब केला तर सोडियम 672 मिलिग्रॅम होतंय, अडीचनं गुणलं की मीठ, म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे एक तृतीयांश कोटा चहाबरोबरच संपला, अजून भाकरी-भाजी खायचीच आहे. त्याच संघटनेनं 2021 मध्ये बटाट्याच्या चिप्ससाठी 100 ग्रॅमला 500 मिलिग्रॅम सोडियमचं प्रमाण सुचवलंय, तुमचं त्याच्या दुप्पटीच्या पण वर.

कस्टमर केअरला मेल केला तर इंग्लिशमध्ये उत्तर आलं की सगळं नियमात बसतंय. असेल हो, नियम मोडला असं मी कुठं म्हटलं? पुढच्या बाजूला तेलाचं कौतुक आणि मिठाचा आकडा मागं मुंगीएवढ्या अक्षरात, ही माझी तक्रार आहे. बीपीवाल्याला तेलाइतकंच मीठ पण बघावं लागतं, आणि बीपी वाढलं की हार्ट, किडनी, लकवा हे सगळं मागून येतंय, हे तुमच्या लोकांना मी काय सांगायचं.

चव जाईल, गिऱ्हाईक तुटेल असं म्हणाल तर ब्रिटनचं बघा. तिथं ब्रेडमधलं मीठ 2001 ते 2011 मध्ये साधारण 20 टक्क्यांनी कमी झालं, एकदम नाही, हळूहळू, त्यामुळं लोकांच्या जिभेला फारसं कळलं पण नाही. माणसामागं रोजचं मीठ पण साडेनऊ ग्रॅमवरून 8.1 वर आलं. घरी आम्हाला पण पहिले काही आठवडे सगळं अळणी लागलं, आता बाहेरचं खाल्लं की तेच खारट लागतंय. फक्त कमी करायचं म्हणून पोटॅशियमवालं मीठ घालणार असाल तर ते पुढं स्पष्ट लिहा, किडनीच्या पेशंटला ते चालत नाही.

घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच असं फौंड्रीतले लोक म्हणतात, म्हणून ह्यांना पण ते पटलं होतं, डॉक्टरांनी कान धरले तेव्हा गप्प बसले.

तर मला पैसे परत नकोत, 20 रुपयांसाठी एवढं लिहीत नाही. पाकिटाच्या पुढं अख्ख्या पाकिटात किती ग्रॅम मीठ आहे ते मोठ्या अक्षरात छापा, 20 ग्रॅमचं सर्व्हिंग काढून टाका आणि मीठ कधीपर्यंत किती कमी करणार ते लेखी कळवा. मराठीत कळवा नाहीतर कन्नडमध्ये, दोन्ही वाचता येतंय, फक्त तो ‘नियमात बसतंय’वाला छापील मेल परत नको.

तुमची ग्राहक,
खानापूर, जि. बेळगाव