तिच्या वतीने बोलू नकोस

पंचवटी, नाशिक

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

सूनबाईचा व्हिसा आला, आईने कालच सगळ्या वाड्याला पेढे वाटले. जर्मनीतल्या तुझ्या ब्लू कार्डामुळे, म्हणजे तुझ्या त्या नोकरीच्या परवान्यामुळे, तिला निघण्याआधी जर्मन भाषेची पहिल्या पायरीची ए-वन परीक्षा द्यावी लागली नाही, म्हणून तू खूश आहेस. मला त्याचीच काळजी वाटते. परीक्षेच्या धाकाने चार वाक्यं तरी तोंडात बसली असती.

तुझी आई १९९१ साली धारवाडहून या घरात आली तेव्हा तिला मराठीचा गंधही नव्हता. मी हौसेने सगळीकडे तिच्या वतीने बोलायचो. बँकेत मी, बुधवारी गंगेवरच्या बाजारात मी. तू पोटात असताना, सातव्या महिन्यात, एका रात्री तिचं दुखू लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "कळा येतात की नुसतं जड वाटतं? थांबून थांबून की सलग?" ती माझ्याकडे बघत राहिली. तिला 'दुखतं' एवढंच येत होतं. आणि मी सांगून मोकळा झालो, "दुखतंय थोडं." आम्हाला घरी पाठवलं. पहाटे रिक्षा शोधत परत धावलो. तुम्ही दोघं वाचलात. चूक डॉक्टरांची नव्हती, माझी होती.

मग आजीने मटार सोलता सोलता तिला शिकवायला घेतलं. भाज्यांची नावं नंतर. आधी कळ, चमक, ठणका, मळमळ. त्यांतला फरक आजी स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवायची.

तिकडे आजी नाही, पण बाहेरून राहायला आलेल्यांसाठी सरकारी इंटिग्रेशन कोर्स आहे. साधारण ६०० तासिका भाषेच्या, बी-वनपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः बोलून करता येतील इथपर्यंत नेणाऱ्या. आणखी १०० तिथल्या कायद्याच्या, इतिहासाच्या, समाजाच्या. बायकोचे हक्क तिने नवऱ्याच्या तोंडून ऐकू नयेत, वर्गात ऐकावेत. नवऱ्यापाठोपाठ गेलेल्या, भाषा न येणाऱ्या बाईला या कोर्सचा हक्क असतो. तिचा तिथे राहण्याचा परवाना हातात पडला की त्याच खेपेला कोर्सचंही विचारा. "आधी घर लागू दे, मग बघू" असं म्हणू नकोस. घर लागेल, वर्ष निघून जाईल.

वर्ग असेल त्या दिवशी स्वैपाक तू कर. दुकानात ती अडखळली तर लगेच वाक्य पुरं करू नकोस, थांब. डॉक्टरकडे दुभाषी लागला तर मागून घ्या, पण दुखणं तिचं आहे, तिलाच सांगू दे.

नाव नोंदवलं की फोन कर. नाही, तिला करायला सांग.

तुझे बाबा