ओढणी धरून उभ्या राहिलेल्या भायखळ्याच्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती पडेल, अशी आशा फारशी नाही. भायखळ्यातल्या एका सार्वजनिक शौचालयात तुम्ही काम करता, याहून अधिक ओळख माझ्याकडे नाही. नाव विचारायचे त्या गडबडीत राहून गेले आणि तुम्हीही आपणहून सांगितले नाही. तरीही लिहितो आहे, कारण दिवाळीच्या सुट्टीतील ती सहल संपून आम्ही घरी परतलो, फराळाचे डबे रिकामे झाले, शाळा सुरू झाल्या, आणि तुमचे आभार मानायचे राहिले ही टोचणी काही जात नाही.

मुंबई पाहायची हा हट्ट मुलांचा. थोरलीला समुद्र आणि गेटवे पाहायचा होता, धाकट्याला पेंग्विन. घरातून निघण्यापूर्वी आम्ही सगळी माहिती गोळा केली होती. राणीची बाग बुधवारी बंद असते आणि घारापुरीची लेणी सोमवारी, म्हणून कोणता दिवस कुठे घालवायचा हे ठरले होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून धीमी लोकल पकडली की मस्जिद, सँडहर्स्ट रोड आणि मग भायखळा, हे धाकट्यानेही पाठ केले होते. बागेतले पेंग्विन 2016 साली दक्षिण कोरियातील सोलहून आणले गेले आणि ते मुळात पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे आहेत, बर्फातले नव्हेत, ही माहिती थोरलीने गाडीत शेजारच्या प्रवाशांनाही ऐकवली होती. चार वर्षांच्या मुलाच्या पोटात भर रस्त्यात कळ आली, तर त्याला घेऊन कुठे जायचे, एवढे मात्र कोणत्याही माहितीत नव्हते.

पत्नी आणि थोरली बागेच्या तिकिटाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. सुट्टीची गर्दी, रांग रस्त्यापर्यंत आलेली. मी आणि धाकटा सावकाश मागून येत होतो. वाटेत त्याने माझा हात घट्ट दाबला आणि "बाबा, पोट" एवढेच म्हटले. समोरच एक मोठे उपाहारगृह होते, काचेचे दार, आत थंड हवा. दारातच व्यवस्थापकांनी आम्हाला अडवले आणि शौचालय फक्त ग्राहकांसाठी आहे, असे सांगितले. मी म्हणालो, चहा घेतो, जेवतोही, आधी याला जाऊ द्या. त्यांनी मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. तोपर्यंत उशीर झाला होता, आणि तो झाल्याचे त्याच्या चड्डीवरून दिसतही होते. "आता नको. आत लोक जेवतायत," असे म्हणून त्यांनी दार ओढून घेतले. जेवणाऱ्यांची सोय पाहणे हे त्यांचे काम आहे, हे मला मान्य आहे. परंतु हे वाक्य ते मुलाच्या तोंडावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, आणि काचेपलीकडच्या दोन-तीन टेबलांवरची माणसे वळून पाहू लागली. त्या क्षणापर्यंत माझा मुलगा फक्त अवघडलेला होता. त्यानंतर तो रडू लागला.

पदपथावर सल्ला देणारे पुष्कळ भेटले. "मुलगाच तर आहे, बसवा तिकडे कडेला." "एवढ्याशा पोराला कसली आलीय लाज?" "काढा चड्डी, टाका बाटलीतलं पाणी, झालं." यांतला एकही माणूस वाईट मनाचा नव्हता, एका आजोबांनी तर स्वतःजवळची पाण्याची बाटली पुढे केली. मात्र गेल्या काही महिन्यांत माझा मुलगा घरी न्हाणीघराचे दार स्वतः लावून घेऊ लागला आहे, कपडे बदलताना बहिणीला खोलीबाहेर पाठवू लागला आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मुलगा आहे म्हणून त्याला लाज नाही, आणि लहान आहे म्हणून तर नाहीच नाही, हे आपण सर्वांनी परस्पर ठरवून टाकलेले आहे. तो माझ्या पायांना मिठी मारून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला कोणी बघू नका."

अशा अवस्थेत आम्ही तुमच्या दारात आलो. पुरुषांच्या बाजूला दाराबाहेरपर्यंत माणसे उभी होती आणि आतल्या एका दाराला कडी नव्हती. बायकांच्या बाजूला मी जाऊ शकत नव्हतो. तुम्ही टेबलामागे बसून सुट्टे पैसे मोजत होता. काय झाले आहे ते मी सांगू लागलो, तर तुम्ही ते पुरते ऐकूनही घेतले नाही. माझ्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहिले आणि म्हणालात, "लेकराला लाज वाटतीय, दादा. मागं या."

मागे तुमची ती अरुंद खोली होती, जिथे बादल्या, खराटे, फिनेलचे डबे आणि तुमचा जेवणाचा डबा ठेवलेला होता. स्टुलावरचा डबा तुम्ही उचलून फळीवर ठेवला, नळाखाली बादली लावली आणि मग गुडघे टेकून, त्याच्या उंचीला येऊन, त्याला विचारलेत, "तुझं तू धुतोस, का बाबांनी धुवायचं?" त्याचे रडणे तिथे थांबले. त्या अर्ध्या तासात त्याला कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. तोपर्यंत जो तो त्याच्याविषयी माझ्याशी बोलत होता. तो म्हणाला, "बाबा." तुम्ही म्हणालात, "बरं. मग मी बघत न्हाई."

त्या खोलीला दार नव्हते. तुम्ही गळ्यातली ओढणी काढलीत, तिचे एक टोक पाण्याच्या पाइपाला बांधलेत आणि दुसरे बांधायला काहीच नव्हते म्हणून ते स्वतःच्या मुठीत धरून, आमच्याकडे पाठ करून, उंबऱ्यात उभ्या राहिलात. मी त्याला धुतले. धुऊन झाल्यावर लक्षात आले की कपड्यांची पिशवी पत्नीकडे आहे. मी तिला फोन केला. गर्दीतून वाट काढत ती येईपर्यंत तो तुमच्या स्टुलावर माझा शर्ट गुंडाळून बसला होता आणि तुम्ही ओढणी धरून उभ्याच होता. मधल्या वेळात बायका येत होत्या, सुट्टे पैसे देत होत्या, एखादी मोठी नोट पुढे करत होती. तुम्ही एका हाताने पैसे घेत होता, त्याच हाताने गल्ल्यातून मोड काढून देत होता. दुसरा हात मात्र एकदाही खाली आला नाही. एका बाईंनी ओढणीच्या कडेने आत डोकावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा "आत माणूस हाय," एवढेच तुम्ही म्हणालात. पोर आहे, बाळ आहे, असे तुम्ही म्हणाला नाहीत.

ताई, पाणी दिल्याबद्दल मी तुमचे आभार मानतोच, जागा दिल्याबद्दलही मानतो. पण पाणी त्या आजोबांनीही देऊ केले होते, आणि थोडी अधिक शोधाशोध केली असती तर जागाही कुठेतरी मिळाली असती. तो वर उचललेला हात मात्र मिळाला नसता. घाण झालेले मूल धुता येते, त्याला फार काही लागत नाही. पण उघड्यावर, अनोळखी माणसांच्या नजरेसमोर धुतले गेल्याची आठवण त्याच्या मनातून कशी धुवायची, याचे उत्तर मजजवळ नव्हते. तुम्ही तो प्रश्न उभाच राहू दिला नाहीत. हे कोणी तुम्हाला शिकवले असेल, असे मला वाटत नाही. तुमच्या कामाच्या करारात तर ते नक्कीच लिहिलेले नसेल.

शहरातल्या शौचालयांविषयी आपल्याकडे बोलले जात नाही, असे नाही. 2011 च्या सुमारास मुंबईतल्याच स्वयंसेवी संस्थांनी 'राइट टू पी', म्हणजे लघवीचा हक्क, ही चळवळ सुरू केली, पुरुषांना जे फुकट मिळते त्यासाठी बायकांना पैसे का मोजावे लागतात, असा साधा आणि बिनतोड प्रश्न विचारला, आणि त्यामुळे या गोष्टी वर्तमानपत्रांतून उघडपणे लिहिल्या जाऊ लागल्या. एस.टी.च्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आले. हे सगळे आवश्यकच होते आणि अजून कितीतरी अधिक व्हायला हवे. त्यात लहान मुलाला घेऊन निघालेला बाप कुणाच्याच हिशेबात नाही, हे मला त्या दिवशी कळले. मुलाचे कपडे बदलण्याची सोय कुठे असलीच, तर ती बायकांच्या बाजूला असते. म्हणजे मूल सांभाळणे हे आईचेच काम, असे भिंती बांधणाऱ्यानेच ठरवून टाकलेले असते. बापाने मुलगी बरोबर आणली असेल, तर त्याने काय करायचे, हा विचार मनात आला आणि मी तो तिथेच सोडून दिला.

नंतर आम्ही बाग पाहिली. पेंग्विनच्या काचेसमोर तो बराच वेळ उभा राहिला, पण त्याला खरा आवडला तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला काळा दगडी हत्ती. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी याच हत्तीवरून त्या बेटाला एलिफंटा म्हटले. एकोणिसाव्या शतकात तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारी म्हणजे क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले, आणि ते तुकडे पुढे इथे आणून जोडले गेले. पत्नीने हे सांगितल्यावर तो हत्तीभोवती फिरून सांधे शोधू लागला. तासाभरापूर्वी रस्त्यात थरथरणारे ते मूल हेच, असे पाहणाऱ्या कुणाला सांगूनही पटले नसते. सहल वाया गेली नाही, याचे सारे श्रेय मी तुम्हाला देतो. तसे घडले नसते, तर त्याच्या लेखी मुंबई म्हणजे ते काचेचे दार आणि आतून वळून पाहणारी माणसे एवढीच उरली असती.

त्या व्यवस्थापकांविषयी माझ्या मनात अजूनही राग आहे आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही. त्यांच्याकडे स्वच्छ फरशी होती, चोवीस तास पाणी होते, दाराला कडी होती, हाताशी माणसे होती. तुमच्याकडे एक ओढणी होती. सौजन्याला साधने लागतात, असे आपण समजतो आणि साधने नसली की सौजन्यातून आपली सुटका झाली, असेही समजतो. गाडगेबाबा हाती खराटा घेऊन गावे झाडत हिंडले, त्यांच्या नावाने आपण अभियाने चालवतो, भिंती रंगवतो. पण खराटा ज्यांच्या हातात रोज असतो, त्या माणसांशी बोलताना आपला आवाज कसा असतो, हे एकदा ऐकून पाहावे. मी उभा होतो तेवढ्या वेळात तुमच्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांनी तुमच्याकडे न पाहताच टेबलावर नाणी टाकली होती. आणि दुसऱ्याची लाज राखायची कशी, हे त्या सगळ्या रस्त्यावर ज्या एका व्यक्तीला ठाऊक होते, ती त्या टेबलामागे बसलेली होती.

निघताना मी तुम्हाला काही पैसे देऊ केले. तुम्ही त्यातून ठरलेले शुल्क घेतले, पावती फाडून हातात दिली आणि उरलेले परत केले. "कामाचे तेवढे घेतले," असे म्हणालात. मी आणखी आग्रह केला नाही. तो आग्रह तुमचा अपमान ठरला असता, असे पत्नीचे म्हणणे आहे आणि ते मला पटते.

घरी आल्यावर मी महानगरपालिकेला एक अर्ज पाठवला आहे. त्यात तुमच्याविषयी लिहिले आहे, नाव नसल्याने दिवस आणि वेळ लिहिली आहे. त्याबरोबर मागणीही केली आहे की, तुमच्या त्या खोलीला दार बसवावे, आत एक कडी असावी, आणि लहान मुलाला घेऊन आलेल्या कोणालाही, आई असो वा बाप, ती खोली वापरता यावी. उत्तर अजून आलेले नाही. महिनाभर वाट पाहून मी पुन्हा लिहीन, आणि दार बसेपर्यंत लिहीत राहीन. कदाचित या पत्रव्यवहाराचा तुम्हाला उपद्रव होईल, कोणी वरिष्ठ येऊन "हे काय प्रकरण आहे" असे विचारतील. तसे झाल्यास हे पत्र त्यांना दाखवावे. धाकट्याला आज विचारले, ताईंना काय लिहू? तो म्हणाला, "मी आता चड्डीची पिशवी माझ्याकडे ठेवतो, असं लिहा." तसे लिहिले आहे.

आपला ऋणी,
स्टुलावर बसलेल्या मुलाचा बाप