डी म्हणजे उजवीकडे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या बारावी सराव पानावर कर्बोदकांची जी प्रश्नोत्तरे आली, त्यांतली दोन उत्तरे चुकली आहेत. एकात ‘डी-शर्करा प्रकाशाचे प्रतल उजवीकडे फिरवतात, एल-शर्करा डावीकडे’ असे आहे (प्रतल म्हणजे ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाची कंपनाची पातळी). दुसऱ्यात गॅलॅक्टोज ही ग्लुकोजची आरशातली प्रतिमा ठरवली आहे. खेड्यापाड्यांतली मुले हे पान कापून वहीत चिकटवतात, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

पहिले उत्तर एकाच उदाहरणाने आडवे होते. फ्रुक्टोज ही पक्की डी-शर्करा, आणि तिचे स्पेसिफिक रोटेशन (मिलीला एक ग्रॅम अशा द्रावणाच्या १० सेंमी उंचीतून जाताना प्रतल जितके फिरते तो कोन) उणे ९२ अंश, म्हणजे चक्क डावीकडे. डी आणि एल ही अक्षरे फक्त रेणूची मांडणी सांगतात. फिशर आकृतीत (कार्बनची साखळी उभी काढून बाजूचे गट डावे-उजवे दाखवणाऱ्या आकृतीत) अल्डिहाइड किंवा कीटोनचे टोक वर ठेवायचे. त्यापासून सर्वांत लांब असलेल्या असममित (चार वेगवेगळे गट जोडलेल्या) कार्बनवरचा ओएच गट उजव्या हाताला आला तर डी. ग्लुकोजमध्ये हा पाचवा कार्बन. प्रकाश कोणीकडे वळेल ते यावरून कळत नाही. ते मोजावेच लागते, आणि अधिक-उणे चिन्हाने वेगळे लिहायचे असते. एमिल फिशरने १८९१ मध्ये ग्लुकोजची मांडणी लावली, तेव्हा खरे डावे-उजवे ठरवायची सोयच नव्हती. त्याने एक बाजू धरून चालायचे ठरवले. ती बरोबर निघाली हे १९५१ मध्ये डच शास्त्रज्ञ बेइव्हूट यांच्या क्ष-किरणांच्या कामातून कळले.

दुसरे उत्तर. सरळ साखळीतल्या ग्लुकोजमध्ये चार असममित कार्बन आहेत, म्हणून दोनाचा चौथा घात, एकूण १६ स्टिरिओआयसोमर (अणूंची जोडणी तीच, अवकाशातली मांडणी वेगळी): आठ डी, आठ एल. आरशातली प्रतिमा हवी तर चारही ठिकाणचे ओएच उलटले पाहिजेत. ते झाले एल-ग्लुकोज. जिभेला तेही गोड लागते, पण शरीराला त्यातून ऊर्जा काढता येत नाही. गॅलॅक्टोजमध्ये फक्त चौथ्या कार्बनवरचा गट उलटा आहे, मॅनोजमध्ये फक्त दुसऱ्यावरचा. यांना एपिमर म्हणतात. परीक्षेत हमखास गुण जातात ते इथेच, कारण मुले फिशर आकृती कागदावर कशीही फिरवतात. ती १८० अंशांनी फिरवलेली चालते. ९० अंशांनी फिरवली किंवा कागद पालथा केला की चुकलेच.

हे फळ्यावर समजत नाही, हातात धरावे लागते. ज्वारीच्या धांड्यातल्या पांढऱ्या गराचे गोळे आणि बाभळीचे काटे एवढ्यावर काम भागते. एका गोळ्यात (हा असममित कार्बन) चार काटे (हे त्याचे चार जोड) असे खोचा की तीन टोके जमिनीला टेकतील आणि चौथे सरळ वर राहील. टोकांना हळद, कुंकू, नीळ आणि चुना लावा. दुसरा गोळा पहिल्याच्या आरशातल्या रूपासारखा करा आणि एकावर एक बसवून पाहा. दोन रंग जुळतात, उरलेले दोन काही केल्या जुळत नाहीत. काटे फुलीसारखे एकाच सपाटीत खोचले तर मात्र सगळे मुसळ केरात, कारण तो गोळा उलटवला की आरशातल्या प्रतिमेवर बिनबोभाट बसतो.

आता पोलारिमीटर, म्हणजे प्रकाशाचे प्रतल किती फिरले ते मोजायचे यंत्र. ‘आमच्याकडे यंत्र नाही’ हे कारण ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयांत नेहमीचे, आणि आम्हाला ते पटत नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पोलरायझर फिल्म (एकाच दिशेतली कंपने जाऊ देणारी) मिळते. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरूनही ती सोलता येते. एलसीडी पडद्याच्या मोबाइलमधून येणारा प्रकाश आधीच ध्रुवीकृत असतो, त्यामुळे फिल्मचा एकच तुकडा पुरतो. फिल्म पडद्यासमोर फिरवून पूर्ण अंधार होतो का ते आधी पाहा. थ्रीडी सिनेमाच्या चष्म्याची काच सरळ धरून कितीही फिरवली तरी अंधार होत नाही, उलटी धरली तरच होतो. कित्येक जण इथेच हात टेकतात.

मोबाइल आडवा ठेवून त्यावर सपाट बुडाचा काचेचा सरळ पेला ठेवा. प्लॅस्टिकची बाटली नको, कारण ओढून घडवलेले प्लॅस्टिक स्वतःच रंग दाखवते आणि वाचन बिघडवते. पेल्यात १० सेंमी उंचीचे साधे पाणी घ्या, वर कोनमापक आणि फिल्म ठेवून वरून पाहा आणि अंधार होईल तिथे शून्य धरा. मग साखर. ५० ग्रॅम साखर ६० मिली गरम पाण्यात विरघळवा, थंड होऊ द्या आणि एकूण १०० मिली होईपर्यंत पाणी घाला. १०० मिली पाण्यात ५० ग्रॅम टाकू नका. तसे केले तर द्रावण १३० मिलीच्या वर जाते आणि कोन चौथाईने कमी येतो. साखरेच्या स्पेसिफिक रोटेशनचा पुस्तकातला आकडा अधिक ६६.५ आणि आपले द्रावण मिलीला अर्धा ग्रॅम, म्हणून १० सेंमीला ३३ अंश यायला हवेत. पण तो आकडा सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचा आहे. मोबाइलवरचा पिवळा रंग तांबडा आणि हिरवा मिळून झालेला असतो, त्यात अंधार कधीच नीट होत नाही. पडदा निव्वळ हिरवा केला तर कोन ४० च्या आसपास येईल, निव्वळ तांबडा केला तर ३० च्या. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून अंधार आला तर अधिक. शंका वाटली तर द्रावणाची उंची निम्मी करा; कोन निम्म्यावर आला म्हणजे दिशा बरोबर धरली आहे.

खरी गंमत पुढे आहे. याच १०० मिली द्रावणात १० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घाला (शिक्षकांनीच, चष्मा लावून), ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटे ठेवा आणि थंड करा. साखरेचा रेणू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सारख्या प्रमाणात तयार होतात. ग्लुकोजचे अधिक ५२.७, फ्रुक्टोजचे उणे ९२, म्हणून मिश्रण डावीकडे झुकते: पिवळ्या प्रकाशाच्या हिशेबाने उणे ९ ते १० अंश. उकळवू नका, द्रावण तपकिरी पडते आणि मग काहीच दिसत नाही. फ्रुक्टोजचे वलन (प्रतल फिरवण्याचे प्रमाण) तापमानाबरोबर फार घटते. २० अंशांना मिश्रणाचे जे वाचन मिळते, ते आपल्याकडच्या मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तीसेक टक्क्यांनी कमी येईल, आणि ८७-८८ अंशांच्या सुमारास ते शून्यच होते. मुलांचा आकडा पुस्तकाशी जुळला नाही म्हणून गुण कापण्याआधी परीक्षकांनी थर्मामीटर बघावा.

ग्लुकोज पावडरीचाही एक घोळ आहे. कड्याच्या आकारातल्या ग्लुकोजची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपे असतात; पहिल्या कार्बनवरच्या ओएच गटाची दिशा तेवढी वेगळी. औषधाच्या दुकानातली पावडर बहुतेक अल्फा रूपातली असते. निर्जल अल्फाचे वलन अधिक ११२, बीटाचे अधिक १८.७, पाण्यात दोन्ही एकमेकांत बदलत राहतात आणि ३६ ला ६४ अशा प्रमाणावर स्थिरावतात, तेव्हा आकडा ५२.७ येतो. साध्या पाण्यात निम्मा पल्ला गाठायलाच अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून एकाच बाकावरच्या दोन मुलांची उत्तरे वेगळी येतात. अमोनियाचे एक-दोन थेंब टाकले की आकडा लगेच स्थिर होतो.

अल्फा-बीटा हा केवळ परीक्षेपुरता विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या शिवाराकडे बघावे. ज्वारीच्या दाण्यातले स्टार्च आणि बोंडातला कापूस, दोन्ही निव्वळ डी-ग्लुकोजच्या साखळ्या. स्टार्चमध्ये पहिल्या आणि चौथ्या कार्बनमधला जोड अल्फा, त्यामुळे साखळीला वेटोळे पडते. कापसात तोच जोड बीटा, दर दुसरे कडे पालथे पडते, साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळीला घट्ट बिलगते, आणि त्यातून धागा होतो. आपल्या लाळेतले अमायलेज फक्त अल्फा जोड तोडते. बैल कडबा आणि कुटार पचवतो तो पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर. ज्वारीच्या पिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला तर गडद निळे होते. सरकी काढलेल्या कच्च्या कापसावर फक्त तपकिरी डाग पडतो. ही चाचणी नव्या कापडावर करू नका, त्याला खळ असते आणि तेही निळे होते.

त्याच पानावरच्या ग्लुकोजच्या कड्याच्या आकृतीत अल्फा आणि बीटा ही नावेही उलटसुलट झाली आहेत. हॉवर्थ पद्धतीने (कडे सपाट, आडवे दाखवून) डी-ग्लुकोज काढताना पहिल्या कार्बनवरचा ओएच गट खाली असेल तर अल्फा, आणि सीएच२ओएच गटाच्या बाजूने वर असेल तर बीटा. आकृती आणि दोन्ही उत्तरे यांची दुरुस्ती प्रात्यक्षिक परीक्षांच्या आधी, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपले,
रसायनशास्त्राचे काही शिक्षक,
दारव्हा-दिग्रस परिसर, जि. यवतमाळ