200 मृत्यू मोजले कुणी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत न्यासालँडच्या, म्हणजे आजच्या मलावीच्या, 1949 च्या दुष्काळावरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण ‘पाऊस पडला नाही, सुमारे 200 माणसे दगावली’ एवढ्यावर लेखकाने तो निकालात काढला, हे वाचून राहवले नाही.

हा आकडा ब्रिटिश दफ्तरातला. उपासमारीने खंगून पुढे आजाराने गेलेल्यांची त्यात गणतीच नाही. शिवाय तिथल्या ब्लँटायर शहराच्या भागात सगळेच सारखे उपाशी नव्हते. पगारी नोकरांना मालकाकडून मका मिळत होता. हाल झाले ते म्हाताऱ्यांचे, आणि ज्यांचे नवरे परमुलखात मजुरीला गेले नि पैसे धाडेनासे झाले, त्या बायकांचे. सरकारी मका विकत घ्यायला त्यांनी पैसा कुठून आणायचा? हे आज कळते ते बरेचसे त्या बायकांच्या आठवणींतून, उखळात मका कांडताना म्हटलेल्या गाण्यांतून. लेखात त्यांचा साधा उल्लेखही नसावा?

मला हे झोंबले त्याला कारण आहे. एम.ए.ला असताना 1972 च्या दुष्काळातल्या जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंधिका लिहायचे मी ठरवले होते. आजीने सांगितलेल्या ओव्यांची वही भरली होती. त्यांत दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका होत्या, मुकादमाने न मांडलेली हजेरी होती, लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी थापतानाच मोडते ही तक्रार होती. विभागप्रमुखांनी वही उघडूनही पाहिली नाही. ‘गाणी हा पुरावा नव्हे, तहसिलीतली कागदपत्रे आणा,’ म्हणाले. मी विषय बदलला. पुढे वहीही गहाळ झाली, आजीही गेली. हजेरी बुडालेल्या बायका तहसिलीच्या कागदात कशा सापडणार?

नुसते पर्जन्यमान बघून आफ्रिकेतल्या खेड्यांचे दुष्काळ उलगडत नाहीत. पहिल्या महायुद्धात टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, उगोगो प्रदेशातून आधी जर्मन, मग इंग्रज फौजांनी धान्य, गुरे नेली, माणसे हमालीला ओढली. त्यात पाऊसही गेला आणि हजारो मेले. तिथे दोष एकट्या आभाळाचा कसा?

आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र 1984 च्या इथिओपियातल्या छावणीतले आहे. देश वेगळा, काळ वेगळा. आफ्रिकेतले उपाशी मूल कुठलेही चालते, असाच त्याचा अर्थ होतो. हे फार वाईट दिसते. कृपया येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, बीड